साडूच्या डब्यातलं थेलर

माझ्या साडूला सगळे लिफ्टवाला म्हणतात. बत्तीस वर्षं तो जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो आहे. बुटका, जाड मानेचा, कोपरापर्यंत ग्रीस माखलेला माणूस. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होतोय, तर त्याच्यावर चार चांगले शब्द लिहा, असं बायकोने मला सांगितलंय. लिहायला माझी हरकत नाही. पण गेली पंचवीस वर्षं मी या माणसावर जळतो आहे, आणि ते आधी सांगून टाकल्याशिवाय माझी लेखणी पुढे सरकायची नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. मी थोरलीचा नवरा, तो धाकटीचा. सासऱ्यांकडे आठ वर्षं मी एकुलता एक जावई होतो. खिडकीजवळची खुर्ची माझी, चहाचा पहिला कप माझा. मग हा आला. पहिल्याच दिवशी त्याने सासूबाईंच्या कपाटाचं न लागणारं दार बसवून दिलं आणि सासरे म्हणाले, "धाकटे जावई म्हणजे बंदा रुपया!" मी समोरच बसलो होतो. माझ्या बाबतीत त्यांनी कधी चार आणेसुद्धा तोंडातून काढले नव्हते.

तेही मी गिळलं असतं. पण नाणी माझी होती हो! युरोपातली जुनी चांदीची नाणी मी लग्नाआधीपासून जमवतोय. फ्रान्सचे पाच फ्रँक, हॉलंडचे गिल्डर, जर्मन संस्थानांचे थेलर. व्यापाऱ्यांना पत्रं लिहायची, उत्तराची वाट बघायची, सूचीत खुणा करायच्या. त्यांच्यासाठी मी लाकडाचे ट्रे करून घेतलेत. आत हिरवं मऊ कापड, त्यात एकेका नाण्याच्या मापाची गोल खाच. पाहुण्यांना मी ते भिंगातून दाखवतो. पाहुणे जांभया देतात, पण बघतात.

साडूला हा नाद लागला तो लिफ्टच्या खड्ड्यातून. लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो आणि दाराच्या फटीतून पडलेलं सगळं तिथे जाऊन बसतं. किल्ल्या, कानातली, बटणं, एकदा तर कवळी. दुसरे लिफ्टवाले तिकडे बघतही नाहीत. हा ते सगळं वर आणतो, धुतो आणि दारोदार विचारत फिरतो, "हे तुमचं का?" कवळीसुद्धा त्याने अशीच विचारून परत केली. एकदा पाच फ्रँकचं नाणं सापडलं. महिनाभर त्याने लिफ्टमध्ये चिठ्ठी लावून ठेवली. कोणी आलं नाही, तेव्हा ते घेऊन माझ्या दुकानात आला. "भाऊ, हे काय असतं?"

आणि मी शहाण्याने त्याला शिकवलं! नाणं कडेला धरावं, चोळून चकाकवू नये, वजन बघावं, भिंगाखाली अक्षरं बघावीत. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

कारण त्यानंतर लोक त्याला नाणी द्यायला लागले. नुसती, हातावर! तो कोणाचं सामान पाचव्या मजल्यावर चढवून देतो, कोणाच्या आजोबांना पाठीवरून खाली आणतो, मग त्या घरातून एखादं जुनं नाणं निघतं. तो ती बिस्किटांच्या डब्यात ठेवतो, प्रत्येक कागदात गुंडाळून. कागदावर साल नाही, टांकसाळ नाही. लिहिलेलं काय, तर 'तिसरा मजला, मांजरवाल्या बाई'. मी विचारतो, "अरे, यावर राजा कोणता आहे?" तो म्हणतो, "ते तुम्हीच सांगा. पण मांजर काय गुणी होतं, भाऊ!" आमच्या घरच्या जेवणाला पाहुणे तो डबा उघडून घेतात आणि माझे ट्रे टेबलाच्या कडेला सरकतात.

माझ्या तिसऱ्या ट्रेमध्ये अकरा वर्षं एक खाच रिकामी होती. ऑस्ट्रियाच्या राणीचं १७८० सालचं थेलर. राणी त्याच साली वारली, पण व्यापाऱ्यांना तेच नाणं हवं असायचं, म्हणून पुढे दीडदोनशे वर्षं तेच साल घालून ते पाडत राहिले. मागाहून पाडलेली हवी तेवढी मिळतात. राणी जिवंत असताना पाडलेलं मिळणं महाकठीण. राणीच्या खांद्यावरच्या दागिन्याचे मोती आणि मागच्या गरुडाची पिसं बघून ते ओळखावं लागतं. मला स्वप्नातसुद्धा ते मोती दिसायचे.

गेल्या वर्षी एका दुपारी साडू दुकानात आला आणि त्याने काउंटरवर कागदाची पुडी सोडली. 'पाचवा मजला, शिवणकाम करणाऱ्या बाई'. त्यांच्या बटणांच्या डब्यात सापडलं म्हणे. मी भिंग लावलं. मोती मोजले. पुन्हा मोजले. नाणं उलटवून पिसं बघितली. राणी जिवंत असतानाचंच होतं!

"खरं आहे का, भाऊ?" त्याने विचारलं.

अकरा वर्षं मी पत्रं लिहावीत आणि याला बटणांच्या डब्यात मिळावं! दात एकाला आणि चणे दुसऱ्याला. माझी जीभ आपोआप वळली. "नाही रे," मी म्हणालो. "मागाहून पाडलेलं आहे. असली ढिगाने मिळतात. ठेव इथेच, राहील माझ्याकडे पडून."

माझा हिशेब सोपा होता. महिनाभराने ते गुपचूप खाचेत बसलं असतं.

त्याचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे नाही, नाण्याकडे बघत होता. मग त्याने पुडी बांधली आणि खिशात घातली. "छे! तुमच्याकडे सगळी खरी. त्यात हे कशाला? शोभत नाही." मी दोनदा म्हटलं, असू दे. तो ऐकेना. तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्याला शंका आली असती.

वर्षभर मी त्या डब्यावर डोळा ठेवून होतो. गेल्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. त्याच्या मुलीला, म्हणजे आमच्या भाचीला, नोकरी लागली होती. ती पाया पडायला वाकली आणि तिच्या गळ्यातून काहीतरी लोंबलं. चकचकीत, आरशासारखं. राणी. तिच्या डोक्यावर बरोबर मधोमध भोक, त्यातून साखळी.

"मीच पाडलं," साडू अभिमानाने म्हणाला. "ड्रिलने. आणि मस्त घासून काढलं. खरं असतं तर हात लावला नसता, तुम्हीच शिकवलंय. पण खोटंच आहे म्हटल्यावर पोरीला तरी होऊ दे."

"काका, तुम्हाला सांगितलं नाही बाबांनी?" भाची हसत म्हणाली. "खरं निघालं असतं तर तुमच्या रिकाम्या खाचेसाठी देणार होते. तुमच्या साठीची भेट म्हणून. दुकानातून आले तेव्हा दोन दिवस तोंड पाडून बसले होते."

मग तिने साखळी काढून माझ्या हातात दिली. हूक सैल झाला होता आणि चष्म्यांच्या बारीक कामाची सवय मलाच. मी खिशातून भिंग काढलं. हूक दाबून बसवला. मोती घासून पुसट झाले होते, पण मोजता येत होते. मी मोजले.

सगळे माझ्याकडे बघत होते. साडूही, पहिलं नाणं घेऊन दुकानात आला होता तसाच.

"छान दिसतंय," मी म्हणालो.

त्याचा चेहरा असा फुलला की मला ते बघवेना. बायकोला चार चांगले शब्द हवेत. पंचवीस वर्षांत त्याला माझ्याकडून हे दोनच मिळालेत.