डायनासोरच्या घशातली घरघर

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आज दुपारी अजिंठ्याहून पुंडलिकनगरला घरी येताना रस्त्याकडेला डायनासोरचे खऱ्याएवढे पुतळे दिसले. माझी सहा वर्षांची सई हट्टानं एकाच्या उघड्या जबड्यात जाऊन बसली. आतून घूंऽऽ असा आवाज येत होता. मला वाटलं, गुरगुरण्यासाठी स्पीकर लावलाय. "अजून आत सरक," म्हणत मी फोटो काढला.

पुतळ्याच्या सावलीत मेंढरं घेऊन बसलेले एक मामा हळूच उठले. "ताई, वरडू नका. त्यो मशीनचा आवाज नाय. घशात आग्या मोहोळ हाय."

मामांनी आपलं घोंगडं सईवर टाकलं, तिला उचललं अन् एकेक पाऊल मागं आले. एकही माशी उठली नाही.

"लई शहाणी लेक हाय. हलली नाय," एवढंच बोलले.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. सई हसतेय. तिच्या वेणीमागं वीतभरावर घसा काळाकुट्ट दिसतोय. तो रंग नाही, माश्या आहेत.

आत्ता सई विचारतेय, "मम्मी, तू मला आत का सरकवलंस?"