गुलाबी पिल्लाची एकादशी

बाळांनो, "रविवारी व्हिडिओवर आमची दोन्ही पिल्लं शेजारी शेजारी उभी करून दाखव," असं तुम्ही काल फोनवर म्हणालात, म्हणून आजच लिहायला बसले. दोन्ही दाखवता येणार नाहीत. उभं करण्याचीही अडचण आहे.

अफझलगंजला रस्त्यावर तुम्ही घेतलेली ती रंगवलेली कोंबडीची पिल्लं, एक हिरवं, एक गुलाबी, तुम्ही गेल्यावर मी पद्धतशीर वाढवली. फ्रिजवर त्यांच्या खाण्याचं वेळापत्रक लावलं: सात, दहा, एक, चार, सात. वाटी रिकामी दिसली की वर आणखी मूठभर दाणे. रंग उडून दोघं पांढरी झाली आणि महिनाभरात कुकरएवढी. मला फार अभिमान वाटे.

मग एका दुपारी, एकचं जेवण झाल्यावर, हिरव्याने एकदा ओरडून पंख फडफडवले आणि ते उताणं पडलं. संपलं. मी सगळ्या वाट्या उकळत्या पाण्याने धुतल्या. "विषबाधा नाही," तुमचे आजोबा म्हणाले, "तृप्ती आहे."

दुसऱ्या दिवशी गुलाबी बसलं ते उठेना. भाजीच्या टोपलीत घालून रिक्षाने बरकतपुऱ्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"अम्मा, ये गोश के वास्ते बनाए सो जात है," ते म्हणाले, म्हणजे मांसासाठीच तयार केलेली जात. "सीना फटाफट बढ़ता, दिल और पाँव पीछे रह जाते. खिलाए कित्ता?"

मी पर्समधून वेळापत्रकाची प्रत काढून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"इसे जिलाना है तो आधा करो. और वाटी दूर रखो, चल को जाने दो."

आपल्या घरी कुणी दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय पानावरून उठलेलं नाही. मी वाटी अर्धी भरते, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवते आणि आत जाऊन बसते, कारण ते माझ्याकडे बघतं.

"रोजची एकादशी का त्याला?" आजोबांनी विचारलं. "मला पन्नास वर्षं आग्रह करकरून वाढलंस. माझे गुडघे कोण तपासणार?"

त्या दिवसापासून त्यांचीही एक पोळी कमी केली आहे. ते आता कोंबडीवर बोलत नाहीत.

तर रविवारी एकच दिसेल, रागावू नका. हिरवं मी खायला घालून घालवलं. गुलाबी जिवंत आहे. उजवा पाय फेंगडा टाकतं, मध्ये दोनदा बसतं, पण वाटीपर्यंत स्वतः जातं.