वरून जोडलेला शब्द

एका दवाखान्यातला नंबर लावायचा प्रोग्रॅम दुरुस्त करायला मी गेले होते. काही पेशंट कितीही लवकर आले तरी त्यांचा नंबर शेवटी लागतो, अशी तक्रार होती. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पेशंट म्हणजे एक ऑब्जेक्ट, माहितीचा एक कप्पा. त्यात नाव, वय, आजार एवढंच ठरलेलं. पण काहींना मागाहून आणखी एक माहिती जोडलेली दिसली: ‘कटकट्या’. ती असली की नंबर मागे.

बाहेर बाकावर सकाळपासून एक आजी बसल्या होत्या. त्यांनाही तोच शब्द जोडलेला. मागच्या खेपेला त्यांनी गोळी कशाची आहे, हे दोनदा विचारलं होतं म्हणे.

हा कोड माझ्यासोबत आलेल्या सहकाऱ्याचा, सुहासचा. तो म्हणाला, “अगं, मूळ रचनेला मी हातही लावलेला नाही. काउंटरवाल्यांनी मागितलं म्हणून वरून जोडलंय फक्त.”

फक्त! माझं डोकंच फिरलं. माणसांनाही आपण असंच वरून काहीबाही जोडतो. हेकट, भांडखोर, चक्रम. मूळ माणसाला धक्का लावला नाही म्हणून हात झटकतो, आणि पुढे सगळा व्यवहार त्या जोडलेल्या शब्दाशीच करतो.

त्या शब्दावरून नंबर मागे टाकणारी कोडमधली ओळ मी काढून टाकली. आजींना लगेच बोलावणं आलं. जाताना काउंटरवरच्या मुलीला हात जोडून म्हणाल्या, “आज लवकर लावलास गं नंबर, उपकार झाले.”

“बघ, खूश झाल्या,” सुहास म्हणाला.

मीही त्याला मनातल्या मनात एक शब्द जोडला, ‘निगरगट्ट’, आणि दिवसभर सगळा व्यवहार त्या शब्दाशीच केला.