डेरीवर माझ्या बहिणीनं हात उगारला नव्हता

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर. गेल्या भादवी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी पावणेसातला, आमच्या गावच्या दूध डेरीवर, किटल्या घेऊन उभ्या असलेल्या सगळ्या रांगेच्या देखत. वेळ मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर जो तो म्हणायला लागला, "असंल झालेलं काहीतरी, कधीतरी." कधीतरी नाही. पावणेसातला.

आमचं गाव अवसरी बुद्रुकच्या पुढं, चहूबाजूंनी ऊस. बहीण मंचरला कॉलेजात शिकते आणि कॉलेजच्या आधी सकाळी डेरीचं फॅट मशीन सांभाळते. प्रत्येकाच्या किटलीतलं दूध लांब दांड्याच्या स्टीलच्या मापानं ढवळायचं, सॅम्पल काढायचं, मशीनला लावायचं आणि येईल तो आकडा पावतीवर छापून हातात द्यायचा. दुधाला भाव त्या आकड्यावर मिळतो. त्या मशीनमागच्या स्टुलावर बसलेली गावातली पहिली मुलगी ती. तिच्याआधी तिथं पुरुषच बसायचे. फॅट कमी लागला की शिव्या खायचे आणि परत शिव्या द्यायचे. ते सगळ्यांना चालायचं.

त्या सकाळी एका जुन्या सभासदाचा फॅट कमी लागला. त्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, मीही तात्याच म्हणते. आदल्या दिवशी पोळा होता, गडबडीत गायींना खुराक उशिरा पडला असेल, काय झालं असेल ते त्यांनाच माहीत. तात्यांनी पावती चुरगाळली.

"ए पोरी, पाणी घालतो व्हय आमी दुधात?"

"तसं कुठं म्हणाले मी तात्या? मशीनवर जे आलं–"

"मशीन काय तुझ्या बापानं आणलंय? परत लाव."

"लावते की. लाइनीत या, लगेच लावते."

लाइनीत या, असं तात्यांना आजवर कुणी म्हणालं नव्हतं. ते टेबलाला वळसा घालून सरळ आत गेले. आत म्हणजे कुठं? मागं भिंत, एका अंगाला दुधाची टाकी, दुसऱ्या अंगाला तात्या. बाहेर पडायला वाटच नाही.

मग बहिणीनं जे केलं ते आमच्या भागातल्या कुठल्याही मुलीनं केलं असतं.

जुन्नर-आंबेगावात वाढलेल्या पोरांना शाळेतच शिकवतात, बिबट्या समोर आला तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे, टाचा उचलायच्या, होता होईल तेवढं मोठं दिसायचं आणि ओरडायचं. बाहेरच्यांना गंमत वाटेल, पण आमच्याकडं बिबट्या उसातच राहतो आणि त्याच उसाच्या कडेनं शाळेत जावं लागतं. वनखात्याची माणसं यायची, आम्हाला मैदानात उभं करायची, आणि आम्ही सगळ्या हात वर करून "हाऽऽ" ओरडायचो. हसून हसून पोट दुखायचं. ते अंगात असं बसलंय की घाबरलं की हात आपोआप वर जातात.

तात्या अंगावर आले. बहिणीनं टाचा उचलल्या, दोन्ही हात वर नेले आणि ओरडली. उजव्या हातात सॅम्पलचं माप होतं, ते तसंच वर गेलं.

रांगेला दिसलं, पोरीनं म्हाताऱ्या माणसावर माप उगारलं. तात्यांनाही तेच दिसलं. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. माप उडालं, किटली कलंडली. रांगेतून आवाज आला तो एवढाच, "अरं अरं, दूध सांडलं!"

मनगटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

दुपारी चेअरमनचा निरोप आला. कमिटीची बैठक होईपर्यंत मुलीला पाठवू नका, तिनं सभासदावर हात उगारला आहे. दुसऱ्या दिवशी स्टुलावर तात्यांचा पुतण्या बसला. आईनं बहिणीच्या सुजलेल्या मनगटाला हळद लावून फडकं बांधलं. बहीण दिवसभर एकच बोलत होती, "ताई, मी मारणार नव्हते गं." तिला स्टूल गेल्याचं दुःख होतं, पण गाव तिला मारकुटी म्हणतंय हे जास्त लागलं होतं. ते स्टूल आता तिला परत हवं होतं, आणि तेही मान खाली न घालता.

मी पत्रकं काढते. मुलींच्या एसटी पासासाठी काढली, शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी नव्हती त्यासाठी काढली, तसं हेही काढलं. 'हात उगारला कुणी?' असं वर ठळक अक्षरात, आणि खाली वळलेली मूठ. मंचरच्या स्टँडवर वाटत होते तेव्हा एक बाई थांबल्या. त्यांनी पत्रक उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. हे सहसा कुणी करत नाही. मंचरच्या पेठेत ज्या जैन कुटुंबाचं कापडाचं दुकान आहे, त्या घरची ही लेक. दुकानाच्या माडीवर त्या मुलींना स्वसंरक्षण शिकवतात हे मी ऐकून होते.

"लिहिलंय चांगलं," त्या म्हणाल्या. "मूठ कुणाची आहे?"

"सगळ्या मुलींची."

"वळायला शिकवलीय का त्यांना, का नुसती छापलीय?"

मला राग आला. तो माझ्या तोंडावर दिसला असणार, कारण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बहिणीला घेऊन ये. फी नको. मनगट बरं झालं की ये."

माडीवर साड्यांच्या खोक्यांच्या थप्प्या आणि मधे सतरंजी. बाईंनी बहिणीला झालेला प्रकार करून दाखवायला सांगितला. तिनं दाखवला, टाचा वर, हात वर. मला वाटलं आता या चुका काढणार.

"बिबट्यापुढं एकदम बरोबर," बाई म्हणाल्या. "पण बिबट्याच्या मागं रांग नसते. तू मोठी दिसलीस तर तो उसात निघून जातो, त्याला कोण विचारणारे? माणसापुढं तू मोठी झालीस की त्याला तुझ्याहून मोठं व्हावं लागतं. नाहीतर संध्याकाळी पारावर त्याची खैर नाही."

मग त्यांनी हात शिकवले. आधी हातातली वस्तू खाली ठेवायची, मग ती कसलीही असो, माप, चावी, मोबाइल. एक पाय अर्धं पाऊल मागं, अंग जरा तिरकं. हात छातीपुढं, कोपरं अंगाजवळ, तळवे समोरच्याला दिसतील असे, बोटं सैल. बोट रोखायचं नाही. कमरेवर हात नाहीत, पाठीमागं नाहीत, ओढणीत गुंडाळलेले नाहीत. तळवे दिसले की समोरच्याला कळतं, हिच्या हातात काही नाही. बघणाऱ्यांना वाटतं, पोरगी समजावतेय.

"आणि त्यानं तरीही हात टाकला तर?" मी विचारलं.

"तर तिचे हात आधीच मधे आहेत की. ती समजावतेच आहे. तयारही आहे."

बहिणीनं मधेच सवयीनं हात जोडले. बाईंनी दोन्ही हात धरून सोडवले. "हे नको. जोडलेले हात सोडवायला वेळ लागतो. आणि माफी कशाची मागतेस तू?"

त्या एका वाक्यासाठी मी त्या बाईंना जन्मभर मानीन. त्यांनी आणखी एक सांगितलं होतं, समोरच्याला माघारी जायला वाट ठेवायची आणि स्वतःलाही ठेवायची. कोपऱ्यात उभं राहून कुणी कुणाला शांत करू शकत नाही.

घरी सराव सुरू झाला. तात्यांचं काम आईनं मागून घेतलं.

"काय गं ए भवाने! पाणी घालतो व्हय आमी?"

"आई, जास्तच करतेस तू," मी म्हणाले.

"गप. तात्या ह्याच्यापरीस लई वंगाळ बोलतोय."

ओट्यावरून वडील म्हणाले, "हे आमी रोज ऐकतो राव. आमाला न्हाई कुणी क्लास लावला."

सुरुवातीला बहिणीचे हात डोक्यावर जायचे, आवाज चढायचा, आई जिंकायची. हळूहळू आई ओरडेल तितका बहिणीचा आवाज खाली यायला लागला. शेवटी आईच एकदा मधे थांबली आणि म्हणाली, "हिच्यावर वरडायला मजाच येईना आता."

बैठक डेरीपुढंच झाली. मी बोलायला उठले तर चेअरमन म्हणाले, "ताई, तुमचं भाषण पत्रकात वाचलंय आमी," आणि हशा पिकला. मग बहीण उठली. "मी हात उगारला नव्हता. बिबट्या आल्यावर करतात तसं केलं. तुमी न्हाई तर तुमच्या पोरांनी शाळेत केलंय ते." कमिटीतला एक तरुण सभासद पुटपुटला, "आयला, खरंय की." हशा थांबला.

ठरलं असं की तिनं परत बसावं, पण दिवाळीपर्यंत एक जरी तक्रार आली तर स्टूल गेलं. मनगट पिरगाळणाऱ्यावर कसलीच अट नाही. मी तिथंच मोठ्यानं विचारलं, तर उत्तर आलं, "ते वडीलधारे हायेत." बहिणीनं मात्र एकच मागितलं, टेबल दारासमोर हलवा, मला मागं भिंत नको. हे फुकट होतं म्हणून लगेच मंजूर झालं.

तात्या काही दिवस पुतण्याच्या हाती दूध पाठवत होते. दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी स्वतः आले. आमची किटली घेऊन मीही रांगेत होते. फॅट कमी लागला.

"परत तेच? बरं तुला माझंच दूध घावतं गं!" आणि ते निघाले टेबलाला वळसा घालून.

बहिणीनं माप टेबलावर ठेवलं. एक पाय मागं घेतला. हात छातीपुढं आणले, उघडे.

"तात्या, थांबा. ऐकतीये मी तुमचं."

तात्या थांबले. मी जवळून बघत होते. त्यांचा हात पुढं आला होता, पण धरायचं काय? वर गेलेलं मनगट नव्हतं, माप नव्हतं, किंचाळणं नव्हतं. तो हात तसाच मधे राहिला.

तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "काय तात्या, आज गप? म्हातारा झाला का वाघ?"

तात्यांचे खांदे वर आले, मान लाल झाली. आता काही झालं तर तक्रार तिच्याच नावावर जाणार, हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बहिणीनं तात्यांवरची नजर काढली नाही. नुसता एक तळवा रांगेकडं वळवला.

"भाऊ, तुमचा नंबर यायचाय अजून. तात्यांशी बोलतीये मी."

"घे," दुसरा कुणीतरी त्याला म्हणाला, "तुझा बी फॅट कमी लागंल आता." रांग त्याच्यावर हसली. तात्यांचे खांदे खाली आले.

"तात्या, दूध तुमी स्वतः ढवळा," बहीण म्हणाली आणि उघड्या हातानं मापाकडं दाखवलं. "सॅम्पल तुमच्यासमोर काढते."

तात्यांनी माप उचललं. आता स्टीलचा दांडा त्यांच्या हातात होता. तिचे हात जिथल्या तिथं होते, छातीपुढं, सैल. तात्यांनी दूध ढवळलं, जोरजोरात ढवळलं. सॅम्पल लागलं. आकडा जवळपास तोच. त्यांनी पावती हातात घेतली.

"पोरानं खुराक बदललाय," ते स्वतःशीच बोलले आणि मोकळ्या दारातून निघून गेले.

पुढचा माणूस किटली घेऊन आला. तिनं माप धुतलं आणि कामाला लागली. मी आजवर जेवढी पत्रकं छापली त्या सगळ्यांहून ती सकाळ मोठी होती, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

दिवाळी झाली, स्टूल तिचंच राहिलं. चेअरमन म्हणाले, "पोरगी सुधारली." सुधारायला ती बिघडली कधी होती? शिनोलीच्या बचतगटातल्या बायकांनी तिला बोलावलं. ती त्यांच्यापुढं उभी राहिली, सांगितलं की बिबट्याला काय आणि माणसाला काय, आणि साठीच्या बायासुद्धा तळवे पुढं करून एकमेकींवर ओरडण्याचा सराव करत होत्या. मी मागं बसून बघत होते. माझ्या पत्रकावरची मूठ मी काढणार नाही. पण बहिणीचे उघडे हात मी तिच्याशेजारी छापणार आहे.

तात्यांनी माफी मागितली नाही. आणि रांगेतल्या एकालाही आजपर्यंत वाटलं नाही की आपण त्या पहिल्या सकाळी काही बोलायला हवं होतं.

तुम्ही हे वाचताय ते रोज कुठल्यातरी रांगेत उभे असता. डेरीच्या, रेशनच्या, एसटीच्या खिडकीच्या. एखादा माणूस टेबलाला वळसा घालून एखाद्या मुलीवर चालून निघाला की सांडलेल्या दुधाकडं बघू नका. हातातली किटली खाली ठेवा, तळवे उघडे ठेवून एक पाऊल पुढं या आणि शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "भाऊ, मागं या." माझ्या बहिणीनं तिचं काम केलंय. तुमचं तुम्ही करा.