सहा पंख्यांचा टॉवर आणि खंडेनवमी

"अव्या, वहिनी मुक्या हायेत का रे?"

दत्ता भावजींनी हे अगदी हळू विचारलं होतं. पण आमचं सैपाकघर आणि दुकान यांच्यात फक्त एक पडदा. पलीकडून आमच्या ह्यांचं उत्तर आलं, "मुकी न्हाई रे. नवीन हाय!"

मला राग आला नाही. उलट सोयच झाली. बोलणाऱ्या माणसाचे किस्से बोलता बोलता खर्च होऊन जातात, गप्प माणसाकडं ते साचत राहतात. लग्नानंतरच्या पहिल्या पाच महिन्यांत माझ्याकडं एवढे साचले की आता कुणाला तरी द्यायलाच पाहिजेत.

जालन्यातल्या मस्तगडला सासऱ्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. सासऱ्यांना मी मामा म्हणते. दोन हजार सालानंतर रेडिओ घेऊन कुणी येईना, म्हणून ह्यांनी आणि त्यांचे मित्र दत्ता भावजी यांनी तिथंच कॉम्प्युटर जोडून द्यायचं काढलं. पहिलं मोठं गिऱ्हाईक आलं पवनशेठ. घरचा लोखंडाचा धंदा, वय सव्वीस, डोक्यात गेम.

"गेमचं पार्लर टाकतोय. पहिलं मशीन असं बनवा की गाव बघायला आलं पाहिजे. बराबर चाललं तर बाकीची सहाबी तुमचीच. न्हाई तर सगळा माल औरंगाबादहून!"

मामांनी तिथंच जाहीर केलं, "खंडेनवमीला आपण हत्यारं पूजतो. त्या दिवशी हे मशीन चालू होऊन पूजेत बसलं तर दुकान कॉम्प्युटरचं. न्हाई तर माझी सोल्डरिंग पूजेत, आन् दुकान परत रेडिओचं. बिलकुल बहस न्हाई!"

त्या दिवशी हे दोन पोळ्यांवर उठले. एरवी पाच खातात.

* * *

सुरुवात कॅबिनेटपासून झाली, म्हणजे सगळे पार्ट ज्यात बसतात तो डबा. दत्ता भावजींचं म्हणणं, आधी आतलं ठरवा, मग डबा. पवनशेठचं उलट. "आतलं कोण बघतंय? उंची सांगा!"

शेवटी फुल टॉवर ठरला. माझ्या कमरेच्या वर येणारा, काळा, एका बाजूला काच. तो आणायला हे आणि भावजी औरंगाबादला गेल्ते. येताना एसटीच्या टपावर टाकायची हिंमत होईना, म्हणून खिडकीच्या सीटवर बसवला. वरून भावजींनी उपरणं पांघरलं.

कंडक्टर आला. त्यानं दोघांची तिकिटं फाडली आणि तिसऱ्याकडं बघितलं. "पाहुण्याचं तिकीट?"

"कॉम्प्युटर हाय साहेब."

"सीटवर बसलाय न्हवं? वय काय ह्याचं?"

"आजच खोक्यातून काढला!"

"मंग मांडीवर घ्या!" असं म्हणून कंडक्टर पुढं गेला.

हे जालन्यापर्यंत त्याला मांडीवर घेऊन आले. आल्यावर दोन दिवस पायऱ्या एक एक करून उतरत होते.

* * *

एसएमपीएस म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. दोन कंपन्यांचे दोन आले. दोन्हींवर वॅट सारखेच लिहिलेले. भावजींनी तासभर व्होल्ट, ॲम्पियर, एफिशियन्सी समजावून सांगितलं. पवनशेठनी मान डोलावली, दोन्ही डबे काखेत मारले आणि शेजारच्या किराणा दुकानात जाऊन थेट काट्यावर ठेवले.

किराणावाले काका म्हणाले, "शेठ, हे किलोवर कधीपासून?"

"काका, जड कुठला ते सांगा फक्त."

जड होता तो घेऊन शेठ परत आले. "हा घ्या. वॅट कागदावर कुणीबी लिहितंय. आमच्या धंद्यात वजन खोटं बोलत न्हाई!"

भावजींनी चिडून औरंगाबादच्या आपल्या उस्तादला फोन लावला. मोठमोठ्यानं सगळा प्रकार सांगितला. मग बराच वेळ नुसतं ऐकलं. फोन ठेवून म्हणाले, "हलक्यात आत माल कमी असतो म्हणे."

पुढं आठ दिवस भावजी पवनशेठला 'उस्ताद' म्हणत होते. मनातून नव्हे.

* * *

रॅमच्या दोन पट्ट्या घ्यायच्या होत्या. भावजींकडं एक पडून होती, दुसरी वेगळ्या कंपनीची कुठून तरी मिळत होती. "चालतं की! दोन्ही रॅमच हायेत."

मामा रेडिओ बाजूला ठेवून उठले. आमच्या घरची शेती अंबडकडं, आणि मामांनी दुकानाआधी बरीच वर्षं बैलबाजार केलेला. "दत्ता, जोडी घ्यायची ना? मंग एका उंचीची, एका दातांची, एका दावणीची घे. एक पळणारा आन् एक बसणारा जुंपला की गाडी बसणाऱ्याच्या चालीनं जाती."

भावजी हसले. खोक्यातल्या कागदांवरही जवळपास हेच लिहिलं होतं, फक्त बैल नव्हते. दुपारी घर झोपलं की मी ते कागद वाचायची. दुसरं वाचायला काही नव्हतंच.

दोन दिवसांनी एकसारखी जोडी आली. पावती भावजींच्या नावाची होती.

* * *

ग्राफिक्स कार्डावरून मात्र मित्रांमध्ये अबोला झाला. ह्यांना एक हवं होतं, भावजींना दुसरं. तीन दिवस दोघं एकाच बाकावर पाठमोरे बसून मामांमार्फत बोलत होते.

"मामा, त्याला सांगा, त्याचं कार्ड तापतंय."

"बाबा, त्याला म्हणावं, त्याच्या कार्डात दमच न्हाई."

चौथ्या दिवशी मामा कंटाळले. "अरे पण ह्या कार्डानं होतं काय?"

दोघं एकदमच बोलले, "गेममधलं गवत हललेलं दिसतं!"

मामांनी चष्मा काढला. "आपल्या बांधावरचं फुकट हलतंय की रे!"

हसण्याच्या नादात अबोला सुटला. कार्ड ह्यांच्या पसंतीचं आलं.

* * *

मग पंखे. कॅबिनेटला एकूण सहा, निळ्या दिव्यांचे. ते नुसतेच एसएमपीएसला जोडून बघितले, तर दुकान निळंशार झालं. सासूबाई, म्हणजे आत्या, पडद्यातून डोकावल्या.

"डब्याला सहा पंखे! आन् माझ्या सैपाकघरात एक न्हाई!"

ह्यांनी समजावलं, "आई, आतलं सामान तापतं."

"मी काय थंड राहती का चुलीपुढं?"

आत्या आत गेल्या, सूप भरून तुरीची डाळ घेऊन आल्या, टॉवरच्या मागं बसल्या आणि त्या वाऱ्यावर डाळ उपणायला लागल्या. डाळ सुपात, फोलपटं थेट दत्ता भावजींच्या अंगावर.

पवनशेठ तेवढ्यात आले. दारातूनच विचारलं, "चालू झालं का?"

आत्या म्हणाल्या, "झालं की! अर्धी पायली झाली."

* * *

खंडेनवमीला सकाळी मशीन जोडायला घेतलं. मामा डोक्याशी उभे. आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक वर्षभर काढत नाहीत. फ्रीजच्या मुठीला आहे, रिमोटला आहे, माझ्या माहेरच्या कपाटाच्या आरशालासुद्धा आहे, त्यामुळं मी त्यात जरा धुरकट दिसते. मामांनी काचेवरचं काढू दिलं नाही. पंख्यांवरचं काढू दिलं नाही. प्रोसेसरला, म्हणजे मशीनच्या मेंदूला, थंड ठेवायला त्याच्यावर तांब्याचा जडशीळ कूलर बसवायचा होता. त्याच्या चकचकीत बुडावरची प्लास्टिकची फिल्म ह्यांनी नखानं उचलली, तेवढ्यात मामा कडाडले, "राहू दे! चमक जाती!"

ह्यांनी फिल्म दाबून परत बसवली आणि कूलर आवळला. मी पूजेचं ताट घेऊन उभी होते.

बटण दाबलं. निळे पंखे फिरले, पडद्यावर चित्र आलं. पवनशेठनी टाळ्या वाजवल्या. आणि दोन मिनिटांत सगळं गप्प.

परत दाबलं. दोन मिनिटं. गप्प.

"एसएमपीएस गेला," भावजी म्हणाले. "वजन करून घेतल्यावर काय होणार!"

"मदरबोर्ड असंल," हे म्हणाले. आवाज पार खाली गेला होता.

आत्या म्हणाल्या, "नजर लागली," आणि मिरच्या आणायला गेल्या.

तिसऱ्यांदाही तेच. पवनशेठनी चप्पल पायात घातली. "राहू द्या अविनाशभाऊ. मी उद्या औरंगाबादला जाऊन येतो." मामांनी ड्रॉवर उघडला, सोल्डरिंग काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि ताटात ठेवायला माझ्याकडं आले. हे टॉवरच्या काचेवर हात ठेवून बसले होते. प्लास्टिकवरच.

मी ताट मागं घेतलं.

"मामा, कूलरच्या बुडाचं प्लास्टिक आतच राहिलंय, म्हणून मशीन तापून बंद पडून राह्यलं. वर्षभर ठेवायचंच असंल तर ठेवा, पण मंग पवनशेठला सांगा, पुढच्या खंडेनवमीला या!"