दाजींची गालिच्यावरची रांग

आमच्या दाजींइतका विमान कंपनीचा मान कमावलेला माणूस रिह्याच्या खोऱ्यात दुसरा नाही, आणि उभ्या आयुष्यात एकदा जाऊन एकदा परत येण्यापुरतं विमानात बसून तो कमावणारा तर साऱ्या पुणे जिल्ह्यात नसेल. हे मी कौतुकानं म्हणतो की रागानं, ते माझं मलाच अजून नीट सांगता येत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. रिह्यात त्यांची भातखाचरं आहेत. त्यातलं ओढ्यालगतचं मोठं खाचर त्यांनी फार्महाउसवाल्यांना विकलं, उरलेल्यात आंबेमोहोर पिकवतात आणि रस्त्याकडेला बांधलेल्या चार खोल्या पिरंगुटच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्यानं देतात. माणूस सरळ. कुणाचं वाईट चिंतलं नाही, कुणाचा रुपया बुडवला नाही, चिमूटभर तंबाखूपलीकडे व्यसन नाही. म्हणजे क्रेडिट कार्ड हातात येईपर्यंत नव्हतं.

याची सुरुवात पुण्याच्या विमानतळावर झाली. तेव्हा माझी भाची, दाजींची एकुलती एक लेक, बंगळूरला नोकरीला होती. तिला भेटायला दाजी एकटेच निघाले आणि लेकीसाठी घरचा तांदूळ घेतला. थोडाथोडका नाही, वर्षभर पुरेल एवढा. काउंटरवरच्या मुलीनं वजन सांगितलं, जादा पैसे सांगितले, आणि दाजींनी रांगेतल्या सगळ्यांदेखत गाठोडं सोडून निम्मा तांदूळ बाजूला काढला. मागचे लोक घड्याळं बघत होते. त्याच वेळी शेजारी, लाल गालिचा अंथरलेल्या मोकळ्या रांगेतून एक गृहस्थ तीन बॅगा घेऊन आले. दुसऱ्या मुलीनं त्यांना नावानं नमस्कार केला, बॅगा हसत आत सोडल्या. दाजींनी विचारलं, हे कोण, मंत्री आहेत का? मुलगी म्हणाली, नाही काका, ते आमचे गोल्ड मेंबर आहेत. परत आल्यावर बंगळूरचं काय पाहिलं असं विचारलं, तर दाजी फक्त त्या गालिच्याबद्दल बोलले. तांदूळ तिथंच कुणा झाडणाऱ्या बाईला देऊन टाकला, हे मात्र आक्काला वर्षभरानं कळलं.

पुढं खाचर विकलं, बँकेत रक्कम आली आणि तिच्या मागोमाग बँकेचा माणूस त्याच विमान कंपनीचं नाव असलेलं भारीतलं कार्ड घेऊन घरी आला. दाजींनी ते कपाटात ठेवून दिलं होतं. पण विकलेल्या खाचरावर बंगला बांधलेले हिंजवडीचे एक साहेब शनिवार-रविवारी दाजींच्या ओट्यावर चहाला येत. एकदा गालिच्याची गोष्ट निघाली तेव्हा ते म्हणाले, "काका, सिंपल आहे. गोल्ड व्हायला विमानात बसलंच पाहिजे असं नाही. या कार्डावर वर्षभरात त्यांनी ठरवलेला खर्च केला, की झालात." आणि तो ठरवलेला आकडा त्यांनी सांगितला. तो ऐकून कुणीही शहाणा माणूस चहा संपवून उठला असता. दाजींनी दुसरा कप मागवला.

एका घराचा खर्च एवढा होणं शक्यच नव्हतं. मग दाजींनी अख्ख्या खोऱ्याचा खर्च आपल्याकडे घेतला. पौडच्या कृषी दुकानात ते सकाळी जाऊन बसत. कुणी खताच्या गोण्या घ्यायला आला, की उठून म्हणत, "नोटा माज्याकडं द्या, कार्ड मी घासतो. तुमचं काय जातंय?" खरंच कुणाचं काही जात नव्हतं. दाजी त्या नोटा बँकेत भरत आणि कार्डाचं बिल तारखेच्या आधी चुकतं करत. पिरंगुटात फ्रीज, घोटवड्यात सिमेंट, भुकूमला कुणाच्या लग्नाचा हॉल, जिथं रक्कम मोठी तिथं दाजी हजर. लग्नाच्या याद्या होताना मामा नसला तर चालेल, पण दाजी हवेत, अशी पाळी आली. देवाच्या जत्रेला तमाशाची सुपारी कार्डावर द्यायला गेले, तर फडाचा मालक कितीतरी वेळ कार्ड उलटंपालटं करून बघत राहिला. वरच्या वाडीवरच्या धनगराकडे बोकड घ्यायला गेले आणि सवयीनं विचारलं, मशीन हाय का? म्हातारा धनगर शांतपणे म्हणाला, "मशीन न्हाई, बोकड हाय." ही गोष्ट दाजी स्वतःच सांगत आणि पोट धरून हसत.

पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. माले गावच्या एका ओळखीच्या माणसाला हृदयाचा झटका आला, तेव्हा दवाखान्यात सगळ्यांच्या आधी दाजी पोचले. त्याच्या बायकोला धीर दिला, तिच्यासाठी चहा आणला, आणि मग हळूच, बिल कुठल्या खिडकीवर भरायचं ते विचारून घेतलं. धीर खोटा नव्हता आणि खिडकीही खोटी नव्हती. दाजींच्या मनात दोन्ही एकाच वेळी असे. मी पौडच्या शाळेत मास्तर. मी तरी त्यांना काही बोलायला हवं होतं. पण माझ्या मुलीच्या कॉलेजची फी त्यांच्याच कार्डावरून गेली होती आणि मला पुण्याला हेलपाटा पडला नव्हता, म्हणून मीही हसण्यावारी नेलं.

खर्चामागे जमलेले, विमानाच्या तिकिटाला चालणारे पॉइंट मात्र ते खर्चत नसत. आक्का एकदा म्हणाली, एवढे जमलेत तर एकदा मला तिरुपतीला तरी न्या. आक्का तोवर विमानात बसली नव्हती. दाजी म्हणाले, बियाणं खायाचं नसतं. आधी गोल्ड होऊ दे, मग तुला असं नेतो की त्या पोरी हात जोडून उभ्या राहतील. पहिल्या वर्षी आकडा थोडक्यात हुकला. कार्डाचं वर्ष मार्चअखेर संपे आणि एप्रिलात सगळं पहिल्यापासून. दाजी पहिल्या तारखेलाच परत पौडच्या दुकानात जाऊन बसले.

दरम्यान भाचीचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर जर्मनीला गेली, आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीत तिनं आनंदाची बातमी कळवली. दिवस एप्रिलच्या मध्यावर भरत होते. तिचं म्हणणं एवढंच, की आईनं मार्च लागताच यावं. जावयाची नोकरी नवी, रजा नाही, आणि ती बाहेरून कितीही धीट असली तरी तिला भीती वाटत होती. दोघांचे पासपोर्ट झाले, व्हिसा झाले. आक्कानं डिंकाचे लाडू करायला घेतले. आणि दाजी म्हणाले, आपण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाऊ.

आक्कानं कारण विचारलं नाही, तिला ते माहीत होतं. मी विचारलं. ओट्यावर माझ्याशेजारी बसून, एरवी आवाज चढवून बोलणारा हा माणूस अगदी हळू बोलला. "मास्तर, ती पयल्यांदा इमानात बसनार हाय. माज्यावानी तिनं लोकांच्यात गाठोडं सोडू ने. मार्च संपायच्या आत मी गोल्ड. मग माज्यासंगं ती बी गालिच्यावरनं जाईल. लेकीला अजून लई दिस हायेत."

बायकोवर एवढं प्रेम असलेला माणूस मी आमच्या नात्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्या प्रेमापायी तिचं एवढं नुकसान केलेलाही नाही. आक्का माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, महिन्याभराचाच तर प्रश्न आहे. हे माझे शब्द. ते मी आता कुणावर ढकलू शकत नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, दाजी पौडला गिरणीवाल्याच्या ट्रॅक्टरचा विमा मोबाईलवरून भरत होते. आकड्याला आता थोडंच कमी होतं. तेवढ्यात जावयाचा फोन आला. दाजींनी तो कापला, कारण त्याच मोबाईलवर ओटीपी यायचा होता. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आक्काचा आला. दाजी एवढंच म्हणाले, "जरा थांब, ओटीपी येतोय," आणि तोही ठेवून दिला. मी तेव्हा शाळेतून गिरणीवर दळण न्यायला आलो होतो, हे सगळं माझ्यासमोर झालं. विमा भरला गेला, दाजींनी समाधानानं मोबाईल पुसला, आणि मग आक्काला उलटा फोन लावला.

भाचीला अचानक त्रास सुरू होऊन, शस्त्रक्रिया करून मुलगी झाली होती. बाळ काचेच्या पेटीत होतं. भाचीचं रक्त थांबत नव्हतं म्हणून तिला अतिदक्षता विभागात नेलं होतं. जावई एकटा बाहेरच्या बाकावर बसला होता आणि परक्या भाषेतल्या कागदांवर सह्या करत होता. दाजी गिरणीच्या पायरीवर बसले. गिरणीवाला त्यांना पाणी देत म्हणाला, पैशाचं काय अडलं तर सांगा. तीन दिवसांनी धोका टळला. त्या तीन दिवसांत आक्का मोबाईल मांडीवर ठेवून बसून होती. दाजी समोर बसत, आत जात, परत येऊन बसत.

चौथ्या दिवशी आक्का माझ्या घरी आली. दूध विकून जमवलेली तिची ठेव होती, ती मोडून आली होती. म्हणाली, तिकीट काढ, पहिलं मिळेल ते. मी विचारलं, दोघांचं ना? "एकाचं काढ," ती म्हणाली. "त्यांना म्हनावं, तुमचं सोनं आलं की सावकाश या." माझ्या मुलीनं तिकीट काढलं. मार्चअखेरचं, मुंबईहून, आणि नेमकं दाजींच्याच कंपनीचं निघालं.

निघायच्या आदल्या दिवशी दाजींच्या मोबाईलवर विमान कंपनीचा संदेश आला. ते गोल्ड झाले होते. ट्रॅक्टरच्या विम्यानंच आकडा पुरा केला असावा. त्यांनी तो आक्काला दाखवला नाही, मला दाखवला, आणि विचारलं, तिनं हा काउंटरवर दाखवला तर चालेल ना? साहेबांना फोन लावून मी खात्री केली. चालणार नव्हतं. मान सभासदाचा, तो बरोबर प्रवास करत असेल तरच बायकोला. दाजींनी मोबाईल खिशात ठेवला.

विमानतळाच्या दारात मात्र त्यांना राहवलं नाही. आक्का तिकीट दाखवून आत गेली आणि तिच्या मागोमाग हेही निघाले. जवानानं हात आडवा धरला. "टिकट?" दाजींनी मोबाईल पुढं केला आणि म्हणाले, "मी गोल्ड हाये." जवानानं संदेश नीट वाचला, परत दिला आणि अदबीनं म्हणाला, "बाबा, अंदर जाने के लिए टिकट चाहिए." काचेतून आत सगळं दिसत होतं. साध्या रांगेत पन्नासेक माणसं, त्यात शेवटी नऊवारीतली आक्का, हातात लाडवांची पिशवी. शेजारी गालिच्याची रांग, तिथं कुणीच नाही. दाजी काचेवर बोटं वाजवून तिला त्या रांगेकडे खुणा करू लागले. आक्कानं एकदा पाहिलं आणि मान वळवली. मग जवानानं त्यांना कठड्यापलीकडे नेऊन उभं केलं. मी काचेशी थांबलो. आक्काचा नंबर आला, बॅग गेली, ती कुणालातरी वाट विचारत आत दिसेनाशी झाली.

परतताना आमची गाडी घाट चढली. मग दाजी म्हणाले, "आत जाताना तिनं मागं बगितलं व्हय रं?"

"बघितलं," मी म्हणालो.

"कुनाकडं? तुज्याकडं का माज्याकडं?"

"तुमच्याकडं."

त्यांनी काच खाली केली आणि वाऱ्याला तोंड देऊन बसून राहिले.

आक्का तीन महिने राहून आली. लेक आणि नात ठणठणीत आहेत. भाची फोनवर वडिलांची चौकशी करते, पण आईकडे. दाजी आता पौडच्या दुकानात बसत नाहीत. वर्ष सरलं तसं त्यांचं गोल्डही संपलं. परवा मी आक्काला घाटातली ती गोष्ट सांगितली, आणि खोटं बोललो याची माफी मागितली. ती शेंगा सोलत होती. सोलता सोलता थांबली आणि ओट्यावर उन्हात बसलेल्या दाजींकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"मी मागं न्हवतंच बगितलं," ती म्हणाली. "पन तू म्हनालास ना, मग ऱ्हाऊ दे तसंच."