गुबगुबीत घोडी

माझी वरातीची घोडी मोती सकाळी रिकामं घमेलं चाटत होती आणि माझं डोकं तापलं होतं. हिला नुसत्या गवतावरही चरबी चढते. डॉक्टर म्हणाले, ‘चरबीमुळे खुरांना आतून सूज आलीय, गरम लागतायत. हरभऱ्याचा भरडा बंद. वाळलेलं गवत आणि मूठभर क्षार-प्रथिनांची भुकटी द्या, नाहीतर कायमची लंगडेल.’

पेंडवाल्याच्या प्रत्येक पोत्यावर गुबगुबीत घोडा. ‘चरबी न वाढवणारं दाखव,’ म्हटलं, तर तो हसला. ‘शेठ, जनावर बारीक ठेवायला कोण पोतं नेतं?’ जन्मभर घासाघीस करत आलो. पण हवा तो मालच नसेल तर भांडायचं कशावर? शेवटी भुकटी जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळाली, तीही तिथला दुकानदार सांगेल त्या भावात.

खरा राग माझ्यावरच होता. उपाशी दिवस काढून वर आलो, म्हणून दारातलं जनावर गोल दिसलं की मला माझीच भरभराट दिसायची. वरातीतले लोक तिच्या पाठीवर थाप मारून ‘काय सांभाळलीय!’ म्हणायचे आणि मी घरी येऊन हरभरा वाढवायचो.

शेजारच्या काकू रोजच्यासारख्या मोतीसाठी गूळ घेऊन आल्या. मी त्यांचा हात अडवला.

‘अरे, प्रेमानं देतेय मी!’

‘माझ्याही प्रेमानंच तिचे खूर तापलेत, काकू.’